उटकटारा आणि कांद्याची पात

राजूरच्या पुढे पाच मैल चाललं की कड्याखाली एक वाडी लागते. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, आणि मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, त्यांची नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी तिकडे गेलं असेल असं वाटत नाही. रस्ता नाही, एस.टी. नाही. मीही आपणहून गेले नसते. मला पाठवलं होतं.

मी प्रवरेकाठच्या बेलापूरच्या दवाखान्यात नर्स. नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. पौष महिना होता. सकाळी वरून निरोप आला की, गेल्या बाजारी राजूरला एका बाईने सांगितलं, अमुक वाडीत एका पोरीला देवी आल्या आहेत. देवीचा रोग संपवायच्या मोहिमेवर आलेले दोन परदेशी, एक डॉक्टर आणि एक नर्स, जीपने येत आहेत. तुम्हाला इंग्रजी येतं, तर त्यांच्याबरोबर जा.

निरोप पोचायला चार दिवस गेले होते. राजूरचा बाजार आठवड्याने भरतो, म्हणजे पुढचा बाजार आजपासून चौथ्या दिवशी. त्या दिवशी सगळी वाडी हिरडा आणि लाकूडफाटा घेऊन राजूरला उतरणार, आणि राजूरच्या बाजाराला डोंगरातली सगळी गावं येतात. त्याच्या आत वाडीला टोचून झालं नाही, तर काय होईल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी आमच्या गल्लीतली तीन घरं देवीने रिकामी झालेली मी पाहिली आहेत.

बेलापूर ते राजूर

जीप आली. ड्रायव्हर इस्माईलभाई माझ्या ओळखीचा. मागच्या बाजूला लाल दाढीचा उंच डॉक्टर मॅक्रे आणि त्याच्या शेजारी ग्वेन नावाची बुटकी, जाडसर, माझ्याच वयाची नर्स. मी पुढे बसले आणि इस्माईलभाईला म्हणाले, "चला, हे दोघे इंग्रज उन्हाआधी संगमनेर गाठू देत."

डॉक्टरला मराठी येत नव्हतं, पण 'इंग्रज' हा एक शब्द येत होता. तो मागून म्हणाला, "मी इंग्रज नाही. स्कॉटिश आहे."

"मीही नाही," ग्वेन म्हणाली. "मी वेल्श."

मी ते इस्माईलभाईला सांगितलं. तो म्हणाला, "स्कॉच?"

डॉक्टरला एवढं भाषांतराशिवाय कळलं. "स्कॉच ती बाटलीतली. माणूस स्कॉटिश."

"बाटली समजली, बाई," इस्माईलभाई गिअर टाकत म्हणाला, "माणूस न्हाई समजला."

मलाही समजला नव्हता, म्हणून विचारलं. संगमनेर येईपर्यंत दोघं सांगत होते, आणि मधूनमधून एकमेकांचं खोडून काढत होते. डॉक्टर म्हणाला, स्कॉट ही मुळात समुद्रापलीकडून, आयर्लंडच्या बाजूने आलेली माणसं. त्यांचं नाव मुलखाला पडलं आणि तिथे आधी असलेलेही सगळे त्याच नावाचे झाले. पुढे त्यांचं राज्य इंग्रजांच्या राज्याशी जोडलं गेलं, पण कायदा, कोर्टं, शाळा आणि चर्च त्यांनी आपली आपली ठेवली. बोलतात मात्र बहुतेक सगळे इंग्रजी.

"आमचं उलट," ग्वेन म्हणाली. "कायदा, कोर्टं कधीच गेली. भाषा राहिली. मी घरी इंग्रजी बोलत नाही."

मग तिने 'वेल्श' या शब्दाचं सांगितलं. तो त्यांचा शब्दच नाही. इंग्रजांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ परका, बाहेरचा. "आम्ही तिथे त्यांच्या आधीपासून. ते आले, शेजारी बसले आणि आम्हालाच परके म्हणू लागले."

"मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"कम्री. एका मुलखातले सोबती."

मला हे सगळं गोऱ्यांच्या घरातलं भांडण वाटलं. आमच्या देशस्थ-कोकणस्थांसारखं, बाहेरच्याला काडीचं न कळणारं. खिडकीतून उसाचे फड मागे पडत होते. संगमनेरनंतर ऊस विरळ झाला, अकोल्याच्या पुढे तो संपलाच आणि डोंगर अंगावर आले. आमच्या बेलापूरच्या घाटाखाली उन्हाळ्यात रेंगाळणारी प्रवरा इथे खडकांतून घाईने धावत होती. एकच नदी आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

राजूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने चहा दिला आणि चहाबरोबरच वाईट बातमी. "हे डांगाणी लोक लई अवघड, बाई. आनी या वाडीचं तर इचारूच नका. तितल्या म्हाताऱ्याच्या आज्याला इंग्रजांनी पकडून नेलं, त्यो परत आला न्हाई. तवापास्नं आन हाय. इंग्रजाचा पाय वाडीच्या ओहोळाच्या आत पडू द्यायचा न्हाई. मागं एक सायेब आल्ता रस्त्याची मोजणी कराया, दगडं मारून हाकलला."

"इंग्रज गेले त्याला पंचवीस वर्षं झाली."

"आन कुटं गेलीया?"

ग्वेनने विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं. 'डांगाणी' म्हणजे काय, तेही तिने विचारलं. मी म्हणाले, डोंगरातली माणसं, आम्ही खालचे लोक त्यांना असं म्हणतो.

"आणि ते स्वतःला तेच म्हणतात का?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसराच विचार होता. आण इंग्रजाला आहे. हे दोघे सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होते की आम्ही इंग्रज नाही. तर मग झालं.

ओहोळापाशी

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. हिरड्याच्या झाडांतून चढ, मग सपाट, खडकाळ सड्यावरचं वाळलेलं गवत, मग पुन्हा उतार. लशीची पेटी मी कोणाच्या हाती दिली नाही. दहाच्या सुमाराला ओहोळ आला. पाणी घोट्याएवढं. पलीकडे दगडावर चिंधूबाबा बसला होता, कंपाउंडर म्हणाला तो म्हातारा. निरोप आमच्या आधी पोचला होता, कसा ते देव जाणे. म्हाताऱ्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी चाळण झालेला. त्याच्या मागे पंधरा-वीस माणसं, हातात काठ्या. कोणी उगारली नव्हती, पण कोणी खालीही ठेवली नव्हती.

"इंग्रज हायेत का?"

"नाहीत."

"गोरे हायेत की."

"गोरे आहेत, इंग्रज नाहीत. हा स्कॉटिश, ही वेल्श. एका बेटावर तीन मुलूख आहेत, बाबा. एक इंग्रजांचा, एक याचा, एक हिचा. या दोघांचे डोंगरातले."

"राजा कोन?"

"राणी आहे."

"तिगांची येकच?"

"एकच."

"राज येक, रंग येक, आनी मानसं येगळी म्हनती," तो मागे वळून म्हणाला. माणसं हसली, ते हसू चांगलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "देवक येक हाय का येगळं?"

देवक म्हणजे कुळाचं पूज्य झाड किंवा पान, लग्नात मांडतात ते; एकाच देवकात लग्न होत नाही. मी ग्वेनला विचारलं, तुमच्या लोकांची खूण म्हणून काही झाड, पान, फूल असतं का? ती लगेच म्हणाली, असतं की. आमची लीक, कांद्याच्या जातीची भाजी, आमच्या सणाला छातीवर लावतो. याच्या लोकांचं काटेरी निळं-जांभळं फूल. इंग्रजांचा गुलाब.

मी 'खूण' असं सांगायला हवं होतं. मी 'देवक' म्हणाले. मला घाई होती, आणि शब्द समोरच्याने आयताच दिला होता.

"याचं देवक उटकटारा. हिचं कांद्याची पात. इंग्रजांचं गुलाब. तिघांची तीन."

मग मागची एक बाई फिस्सकन हसली. "कांद्याचं देवक! म्हंजे लगनात समद्या वऱ्हाडाच्या डोळ्यांला पानी!"

"देवक येगळं, म्हंजी या दोगांचं लगीन जमतंय की," दुसरी म्हणाली. "इचारा बाई, झालंय का?"

मी विचारलं. ग्वेनने डॉक्टरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याच्याशी? सांगा, त्यापेक्षा देवी बऱ्या."

ते मी सांगितलं नाही. सांगितलं, तिला नको आहे. पण तिचं पाहणं सगळ्यांना समजलं होतं आणि बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. चिंधूबाबा उठला. "या. आधी जेवा. मंग तुमचं काय ते बगू."

वाडीत

चाळीस घरं, कुडाची. मी चालताना दारं पाहत होते. पाचव्या की सहाव्या घराच्या दाराला, देवी आलेल्या घराला लावतात तसा, कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता. येताना वाटेवर मला एकही कडुनिंब दिसला नव्हता. डहाळा मुद्दाम खालून आणलेला होता. दारात एक तरणी बाई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. चिंधूबाबाच्या तोंडून कळलं, तिचं नाव ठकी. "तिचा मालक आळेफाट्याकडं कामाला गेल्ता, पोरगी आजारी म्हनून परवा आला," एवढंच तो बोलला.

चिंधूबाबाच्या ओसरीवर पानं मांडली. नागलीची भाकरी, वरईचा भात, आणि कांद्याच्या पातीची भाजी. भाजीला फोडणी नव्हती. पात नुसती मीठ-पाण्यात उकडलेली. शेजारच्या घरातूनही तेलाचा वास येत नव्हता. देवी घरात असली की फोडणी देत नाहीत. इथे सबंध वाडीने फोडणी बंद केली होती. मला एका घासात कळलं की पोरगी नुसती आजारी नाही आणि हे सगळ्यांना माहीत आहे. मी डॉक्टरला हळूच सांगत होते, त्यामुळे ग्वेनकडे माझं लक्ष नव्हतं.

ती जेवत होती. भाकरीला भाजी लावून, मन लावून. संपली तेव्हा बोटाने रिकामं पान दाखवून तिने आणखी मागितली.

वाढणारी बाई तशीच वाकलेली राहिली.

"देवक खाल्लं," कोणीतरी म्हणालं.

देवकाला कोणी कुऱ्हाड लावत नाही, आणि ते तोंडात तर कोणीच घालत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या माहेरचं देवक कळंब, आमच्या परड्यातल्या कळंबाची फांदी वाऱ्याने मोडली तरी आई त्या दिवशी हुरहुरायची. पण पात पानात पडली तेव्हा मला ते सुचलं नाही.

चिंधूबाबा उभा राहिला. आवाज चढवला नाही. "बाई, तुमी आमाला फशिवलं. हिला देवक न्हाई, म्हंजी हिला मुलूख न्हाई. समदे इंग्रजच हायेत. उटा."

मी बोलायचा प्रयत्न केला. काठ्या आता वर होत्या. आम्ही अर्ध्या पानावरून उठलो. ओहोळ ओलांडताना पाठीवर एक ढेकूळ लागलं, फार जोरात नाही. ग्वेन मला पुन्हा पुन्हा विचारत होती, मी काय केलं? मी म्हणाले, तुम्ही काही नाही, मी केलं. तसेच राजूरला आलो. लशीची पेटी न उघडता परत आली होती. बाजाराआधी एकच दिवस उरला होता.

तिसरा दिवस

आदल्या रात्री कंपाउंडर म्हणाला, पोलीस घेऊन जा. डॉक्टरलाही ते पटत होतं. मी म्हणाले, पोलीस दिसले की पोरीला उचलून जंगलात नेतील, मग बसा शोधत. मी खोटं सांगितलंय, खरं सांगायलाही मलाच जायला हवं.

सकाळी ओहोळापाशी पुन्हा तीच माणसं. आम्ही अलीकडे थांबलो.

"बाबा, काल मी चुकीचं सांगितलं. त्यांच्यात देवक नसतं. पात ही नुसती खूण आहे. वर्षातून एक दिवस छातीला लावतात, आणि संध्याकाळी तिचाच रस्सा करून खातात. 'देवक' हा शब्द माझा. त्यांनी खोटं सांगितलं नाही."

"मंग इंग्रजच."

"नाहीत. ऐका." आणि मी जीपमध्ये ऐकलेलं सगळं सांगितलं. समुद्रापलीकडून आलेल्या स्कॉटांचं, त्यांनी आपली कोर्टं कशी राखली त्याचं. मग ग्वेनचं. "वेल्श हे नावही तिचं नाही. इंग्रजांनी दिलेलं. परका, असा अर्थ. तिच्याच मुलखात तिला परकी म्हणाले. ते स्वतःला कम्री म्हणतात, म्हणजे एका मुलखातले सोबती."

मग चिंधूबाबाने मला नको असलेला प्रश्न विचारला. "इंग्रजाच्या फौजत ह्यांच्यातली मानसं हुती का?"

मी डॉक्टरकडे पाहिलं. मी चिंधूबाबाला काहीही सांगितलं असतं तरी डॉक्टरला कळलं नसतं. ते माझ्या मनात आलं, हे कबूल करते. पण कालचा अनुभव ताजा होता. मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"होती," तो म्हणाला. "दोघांच्याही मुलखातली. माझा आजोबा पुण्याच्या छावणीत होता. सांगा त्यांना."

मी सांगितलं. चिंधूबाबाने मान हलवली. त्यात राग दिसला नाही. "खरं बोल्ला. पन आन मोडायची न्हाई. त्येंचा पाय आत येनार न्हाई."

मला वाटलं, संपलं. मी पेटीचा पट्टा खांद्यावर चढवला. मी एकटी आत येऊ का, असं विचारणार होते, तेवढ्यात माणसांच्या मागे गडबड झाली. ठकी येत होती. काखेत पोर, अंगावर घोंगडं. मागून तिचा नवरा "ये, थांब, येडी झालीस का" म्हणत होता. ती थेट पाण्यात उतरली. चिंधूबाबाने काठी आडवी केली.

"आन त्येंच्या पायाला हाय, बाबा," ती म्हणाली. "माज्या पायाला न्हाई."

ती काठीखालून वाकून गेली, ओहोळ ओलांडला आणि ग्वेनपुढे बसून घोंगडं उघडलं.

पाच वर्षांची पोर. चेहरा, हात, पाय भरलेले. कांजिण्याही अशाच दिसतात, पण त्या पोटावर, पाठीवर दाटतात. तळहातावर सहसा येत नाहीत. ग्वेनने पोरीची मूठ धरली. पोर ती उघडेना. ग्वेन तिच्याशी बोलायला लागली, इंग्रजीत नाही, तिच्या घरच्या भाषेत. ते काय होतं ते मला कळलं नाही, पोरीलाही कळलं नसणार. एकेक बोट सुटलं. तळहातावर टपोरे, टणक दाणे होते, सगळे एकसारखे.

"देवीच," मी मोठ्याने म्हणाले. पलीकडे सगळ्यांना ऐकू गेलं.

"जगंल का?" ठकीने विचारलं. ते तिने मला नाही, ग्वेनला विचारलं.

मी भाषांतर केलं. ग्वेन म्हणाली, दाणे असे पिकेपर्यंत टिकली आहे, आशा आहे. वचन देत नाही. तेही मी जसंच्या तसं सांगितलं. मग ठकीने स्वतःची बाही वर केली. "मला टोचा."

दोन टोकांच्या सुईने पंधरा टोचे, मिनिटसुद्धा लागत नाही. पलीकडचे लोक बघत होते. ठकी ओरडली नाही, पडली नाही. तिचा नवरा पाण्यात उतरला. मग काल हसलेली ती बाई, कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन. दुपारपर्यंत ओहोळाच्या अलीकडे रांग लागली. गोरे अलीकडेच बसले होते, वाडी बाहेर येत होती. आण शाबूत होती. मी आणि ग्वेन टोचत होतो, डॉक्टर तीन दगडांवर पाणी उकळून सुया देत होता. म्हातारी माणसं घरात होती, त्यांच्याकडे मी एकटी जाऊन आले.

चिंधूबाबा रांगेच्या टोकाशी उभा राहून घाबरणाऱ्या पोरांचे दंड धरत होता. शेवटी मी त्याला म्हणाले, आता तुम्ही.

"मला काय टोचतीस? मला देवीनं कवाच टोचलंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमी खालची मानसं आमाला काय म्हनता, ठावं हाय आमाला. त्या बाईला म्हनावं, आमचंबी तसंच हाय."

मी ग्वेनला सांगितलं. मी त्याला विचारलं, मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?

"मानसं," तो म्हणाला आणि पुढच्या पोराचा दंड धरला.

सूर्य कड्याआड जाताना त्याने, बाजाराला कोणी उतरू नये म्हणून, वाडीतून उतरणाऱ्या वाटेवर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकायला लावल्या. दुसऱ्या दिवशी राजूरचा बाजार भरला. मी सकाळपासून वेशीपाशी उभी होते. त्या वाडीचं एकही माणूस उतरलं नाही.

तीन आठवड्यांनी

डॉक्टर आणि ग्वेन त्याच आठवड्यात उत्तरेकडे, बिहारच्या बाजूला गेले. मी एकटी पुन्हा वाडीत गेले. वाडीत आणखी कोणाला देवी आल्या नव्हत्या. ठकीच्या पोरीच्या खपल्या पडल्या होत्या. एका डोळ्यात थोडं फूल राहिलं होतं, चेहरा चिंधूबाबासारखा झाला होता. पण ती ओहोळात खेकडे धरत होती. ठकीच्या घरातून फोडणीचा वास येत होता.

निघताना चिंधूबाबाने कांद्याच्या पातीची एक मोठी जुडी माझ्या हातात दिली, मुळं धुऊन, वाखाच्या दोरीने बांधलेली. "त्या बाईला द्या. म्हनावं, पोटभर खा."

"आणि डॉक्टरला?"

"त्येला काय काटं देऊ?"

ती बिहारात आहे, पात तिथपर्यंत टिकणार नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. जुडी बेलापूरला आणली, बेसन लावून भाजी केली आणि खाल्ली. मग तिला पत्र लिहिलं. तुमच्यासाठी दिलेली पात माझ्यापर्यंत पोचली, चांगली होती, असं लिहिलं.